लाल रेघ जुळतेय म्हणे!

मी फिशटँकच्या खालचा स्टँड बोलतोय. थांबा, वर बघू नका! या घरात येणारा प्रत्येक जण वरच बघतो. "अय्या, किती गोड मासे!" म्हणतो, काचेवर टकटक करतो, मासे दचकतात, आणि मग स्वारी चहाचा कप माझ्या कडेवर टेकवून मोकळी. अडीचशे लिटर पाणी, वर काच, वाळू आणि दगड, असं सगळं मिळून सव्वातीनशे किलो ओझं मी चोवीस तास डोक्यावर घेऊन उभा आहे. त्या सहा गोल्डफिशचं मिळून वजन अर्धा किलो भरायचं नाही. पण कौतुक कुणाचं? त्यांचं! माझ्या पोटात मात्र जुनी वर्तमानपत्रं, माशांच्या खाण्याचा डबा आणि एक तार तुटलेली बॅडमिंटनची रॅकेट कोंबून ठेवलेली.

बरं, त्याचाही राग मी गिळला असता. लाकडाला सवय असते. पण माझ्या बाबतीत जे झालं ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म चंदीगडच्या एअरफोर्स क्वार्टर्समधला, दामोदर साळवींच्या घरातला. दामोदर हवाई दलात वॉरंट ऑफिसर, विमानांचा सांगाडा जोडणारा फिटर. मूळचा देवगडकडचा. समुद्राकाठचा माणूस आणि घरात मासे पाळणार, म्हटल्यावर गावाहून भावाचा फोन आलाच, "दाम्या, खुळो झालंस की काय? मासे काय पाळूचे असतत?" दामोदर हसला. मासे त्याला नकोच होते. ते हवे होते अबोलीला, त्याच्या मुलीला.

अबोली तेव्हा नववीत होती. भूज, पुणे, जोरहाट, बिदर आणि आता चंदीगड, ही तिची पाचवी शाळा. जोरहाटला तिने एक मांजर पाळलं होतं. बदली झाली तेव्हा ते शेजाऱ्यांकडे ठेवून यावं लागलं आणि पोर तीन दिवस धड जेवली नव्हती. तेव्हापासून तिने घरात काही मागितलं नव्हतं. चंदीगडला आल्यावर पहिल्यांदा मागितलं ते हे, मासे. बाप विरघळला.

काचेचा टँक शहरातल्या सेक्टर बावीसच्या बाजारातून आला. आणि लाकूड जवळच्या खरड गावच्या बलकार सिंग मिस्त्रींकडून. शिसवाचं, अस्सल, मी स्वतःच सांगतो. फक्त ऐन पावसाळ्यात घेतलेलं, ओल पुरती न गेलेलं. मिस्त्रीने तेव्हाच कान उपटले होते. "साहबजी, लकड़ी अभी गीली है. दो-तीन महीने पड़ी रहने दो. ये साँस लेती है जी." पण अबोलीचा वाढदिवस दहा दिवसांवर आला होता, आणि साळवीसाहेबांच्या डोक्यात तारीख एकदा बसली की बसली.

मिस्त्रीने दुसरी गोष्ट सांगितली ती याहून मोलाची. आडवी लाकडं उभ्या पायांच्या डोक्यावर बसवा, म्हणजे भार लाकडावरून लाकडावर, सरळ जमिनीत जाईल. खाच पाडा, फेविकोल भरा, लाकडाच्या खुंट्या ठोका आणि विसरून जा. शेंबड्या पोराला कळेल अशी गोष्ट!

दामोदर म्हणाला, "ग्लू नहीं चलेगा. पोस्टिंग आएगी तो खोलना पड़ेगा ना."

"ओ जी, मेज बना रहे हो कि तंबू?" मिस्त्रीने विचारलं.

"बलकार जी, मैं हवाई जहाज जोड़ता हूँ," दामोदर म्हणाला. झालं! गाढवापुढे वाचली गीता. मिस्त्रीने खांदे उडवले आणि सांगितल्या मापाने लाकूड कापून दिलं.

आता या घराची एक तऱ्हा तुम्हाला सांगायला हवी, नाहीतर तुम्ही म्हणाल माणूस मूर्ख होता. मूर्ख नव्हता हो. या घरात एकही वस्तू कायमची जोडलेली नाही. पलंग सुटतो, कपाट सुटतं, जेवणाच्या टेबलाचे पाय फिरवले की निघतात. प्रत्येकाच्या पाठीवर काळ्या रंगाने नंबर घातलेला, आणि त्या नंबरांची यादी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली. सोफा चार नंबर, शिलाई मशीन सात, देव्हारा नऊ. देवालासुद्धा सुटका नाही, तर माझी काय कथा! माझा एकही पाय अजून उभा राहिला नव्हता, तेव्हा माझ्या पाठीवर सतरा नंबर पडला. जन्माआधीच निघायची तयारी. मला तेव्हाच ते अपशकुनी वाटलं होतं.

मग क्वार्टरच्या व्हरांड्यात त्याने मला जोडलं. आडवी लाकडं पायांच्या डोक्यावर न बसवता बगलेत लावली आणि बोल्टांनी आवळली. सोळा बोल्ट. म्हणजे सव्वातीनशे किलो ओझं माझ्या पायांवर नाही, तर या सोळा लोखंडी काड्यांवर टांगलेलं! आणि वर प्रत्येक नटावरून लाकडापर्यंत लाल रंगाची बारीक रेघ ओढली. विमानाच्या नटांवर म्हणे अशीच रेघ ओढतात. नट जरा जरी फिरला तर रेघ तुटते आणि लांबूनच कळतं की ढिला झाला.

अबोली त्याला एकेक नट हातात देत होती. मधेच तिने तिच्या शाळेतल्या हिंदीत विचारलं, "पापा, टेन्थ यहीं से करूँगी ना? पक्का?"

दामोदर पाना फिरवत म्हणाला, "बघू."

त्या 'बघू'चा मला तेव्हापासून राग आहे. पोर काय चंद्र मागत होती? एक वर्ष एका शाळेत, ओळखीच्या मैत्रिणींबरोबर, बोर्डाची परीक्षा, बस! हो म्हण, नाहीतर नाही म्हण. पण बघू! ती नट देत राहिली.

हिवाळा बरा गेला. दर रविवारी सकाळी दामोदर टॉर्च घेऊन माझ्यासमोर उकिडवा बसायचा, सोळाच्या सोळा रेघा तपासायचा आणि म्हणायचा, "रेघ जुळतेय. ओके." मलाही तेव्हा बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू! माझ्याकडे रोखून बघणारा घरात तो एकटाच होता.

मार्चमध्ये त्याला चार महिन्यांसाठी राजस्थानच्या सीमेवरच्या तळावर पाठवलं. आणि एप्रिलपासून इथलं ऊन तापलं. कोरडं, ओठ फुटतील असं. मी आतून सुकू लागलो. शिसव असो नाहीतर साग, ओल गेली की लाकूड आक्रसतं. बोल्ट लोखंडाचे, ते होते तेवढेच राहिले. त्यांच्याभोवतालचा मी मात्र बारीक होत गेलो, भोकं सैल झाली आणि माझा डावा पाय हळूहळू बाहेर फाकायला लागला.

नट फिरला का? नाही! नट जागच्या जागी. रेघ तुटली का? अहो, कशी तुटेल? नट फिरलाच नाही तर रेघ तुटायची कशी? सोळाच्या सोळा लाल रेघा अगदी ठणठणीत जुळलेल्या आणि मी आतून खिळखिळा. विमानाला लावायची परीक्षा लाकडाला लावली की असं होतं.

हे पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं? अबोलीच्या. ती रोज उडून गेलेलं पाणी भरायची. एके दिवशी भरताना थांबली. उजवीकडे पाणी काठापासून दोन बोटं खाली होतं, डावीकडे पावणेदोन. तिने पट्टी आणली, मोजलं, वहीत तारीख घालून लिहिलं. चार मिलिमीटरचा फरक. आठवड्याने सहा. पुढच्या आठवड्याला नऊ. काचेवर पट्टी धरून फोटो काढायची आणि बापाला पाठवायची. बापाकडून अंगठा यायचा. नुसता अंगठा! तळावर काम असेल, मान्य, पण पोर काय पाठवतेय ते डोळे उघडून बघशील की नाही?

शेवटी तिने व्हिडिओ कॉल लावला.

"पापा, स्टँड टेढ़ा हो रहा है."

"रेघ बघ. जुळतेय?"

"रेघ तो मिल रही है. पर पानी टेढ़ा है, पापा."

"अगं, पाणी कधी वाकडं होतं का? फरशीला उतार असेल. त्या क्वार्टरची फरशी तशीच आहे."

मंजुषा, तिची आई, फोनमध्ये डोकावली. ती मोहालीच्या एका कॉलेजच्या लायब्ररीत नोकरी करते, नुकतीच घरी आली होती. "अहो, पोरगी रोज मोजतेय. काहीतरी असेल ना?"

"मंजू, सोळा बोल्ट आहेत, माझ्या हातचे. मी आल्यावर बघतो."

माझ्या हातचे! मला जीभ असती ना, तर मी त्या फोनमध्ये असा ओरडलो असतो की तळावरचा सायरन फिका पडला असता. अरे, पाण्याइतका सरळ साक्षीदार जगात दुसरा नाही. ते कुणाचं ऐकून वाकडं होत नाही. पण ज्याला आपल्या रेघेवरच भरवसा, त्याला कोण समजावणार? पालथ्या घड्यावर पाणी.

मे महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी अबोली माझ्या पायाशी फरशीवर बसून गणितं सोडवत होती. तिथे गार लागतं म्हणून ती रोज तिथेच बसायची. माझ्या जिवाची काय तगमग होत होती ते मला ठाऊक. सव्वातीनशे किलो डोक्यावर, आणि खाली ती, वहीत मान घालून. डाव्या बगलेतला बोल्ट लाकूड चिरत खाली सरकत होता. मी जेवढा धरून ठेवता येईल तेवढा धरला. मग माझ्याच्याने धरवलं नाही आणि कट्‌कन आवाज झाला.

मंजुषा स्वयंपाकघरातून धावत आली. "ऊठ! आधी तिथून ऊठ!" तिने पोरीला दंडाला धरून ओढलंच. मग माझ्याकडे बघितलं. डावा पाय उघड उघड फाकलेला. तिने ना नवऱ्याला फोन लावला, ना रेघ बघितली. म्हणाली, "रेघ गेली खड्ड्यात! टब आण कपड्यांचा."

त्या मायलेकींनी मग जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. अबोलीने पाण्यात नळी सोडली आणि दुसऱ्या टोकाला तोंड लावून पाणी ओढलं. पहिला घोट थेट घशात! "छी! यक्क!" करत ती थुंकली, आणि तशातही आई हसली. मासे टबात गेले, पाणी बादल्यांनी मोरीत गेलं. शेजारच्या शशिकलाताई आणि त्यांचे यजमान मदतीला आले आणि चौघांनी मिळून रिकामा टँक उतरवून पलंगावर ठेवला. सव्वानऊ महिन्यांनी माझं डोकं हलकं झालं. रडावं की हसावं कळेना.

संध्याकाळी बलकार मिस्त्री आला. त्याने माझ्या सांध्यात करंगळी घातली, ती आत गेली. त्याने मान हलवली. 'मी सांगितलं होतं' असं एका शब्दाने म्हणाला नाही, याला म्हणतात कारागीर. हत्यारं काढताना एवढंच म्हणाला, "भाभीजी, लकड़ी अब सूख गई है, अब पक्का काम हो जाएगा. पर एक बार ग्लू लगा तो ये फिर कभी खुलेगा नहीं. सोच लो."

मंजुषाने अबोलीकडे पाहिलं. अबोली म्हणाली, "मत खुले."

"लगा दीजिए," मंजुषा म्हणाली. आणि मग मराठीत, स्वतःशीच बोलल्यासारखं, "सोळा वर्षं खोलतेच आहे मी."

सोळाही बोल्ट निघाले. आडवी लाकडं पायांच्या डोक्यावर आली, खाच पडली, खुंट्या बसल्या, पाठीला एक तिरका दांडा लागला. दोन दिवस मला तसाच ठेवला. मग टँक चढला, पाणी चढलं. अबोलीने दोन्हीकडे पट्टी लावली. सारखं! मी जन्मलो ऑगस्टमध्ये, पण ताठ उभा राहिलो तो त्या दिवशी.

जुलैत दामोदर परत आला. आल्या आल्या पोरीला जवळ घेतलं, हातपाय धुतले आणि टॉर्च घेऊन माझ्यासमोर बसला. बोल्ट नाहीत. रेघा नाहीत. त्याच्या तोंडाचा रंग बदलला.

"कुणी केलं हे? मला न विचारता?"

"विचारलं होतं," मंजुषा म्हणाली. "दीड महिना विचारत होतो."

"पण आता हा सुटणार कसा? याची पेटी होणार कशी? अख्खा कसा न्यायचा ट्रकमध्ये?"

"म्हणजे ऑर्डर आली," मंजुषा शांतपणे म्हणाली. ती विचारत नव्हती.

बदलीचा कागद दामोदरच्या खिशात होता. सप्टेंबरमध्ये हजर व्हायचं, पार ईशान्येला. अबोली दारात उभी होती. दहावी सुरू होऊन तीन महिने झाले होते.

"तिथेही शाळा आहे," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "मी चौकशी केलीय. चांगली आहे."

अहाहा! शाळेची चौकशी केलीत, पोरीची केलीत का?

अबोली रडली नाही, भांडली नाही. आत गेली आणि वही घेऊन आली. तारखा, मिलिमीटर, डावीकडे किती, उजवीकडे किती. सगळं त्याच्या पुढ्यात ठेवलं. दामोदर फिटर माणूस, आकडे वाचता येतात त्याला. एकेक पान उलटत गेला. शेवटच्या नोंदीपाशी, ज्या दिवशी कट्‌कन आवाज झाला त्या दिवशीच्या, लिहिलं होतं, सतरा मिलिमीटर. तो खाली फरशीवरच बसला.

"कुठे बसली होतीस तेव्हा?" त्याने विचारलं.

तिने बोट दाखवलं. तो बसला होता, तिथेच.

मग तो म्हणाला, "रेघ जुळत होती गं."

"जुळत होती ना," मंजुषा म्हणाली. तिचा आवाज आता चढला होता. "पोरीचंही तसंच बघता तुम्ही. मार्क बरे येतात, तक्रार करत नाही, म्हणजे सगळं ओके! सहावी शाळा, अहो. बोर्डाच्या वर्षात. एकदा तरी वाकून नीट बघा."

शाब्बास! मला टाळ्या वाजवता येत नाहीत, नाहीतर वाजवल्या असत्या.

पण दामोदर जे बोलला त्याने माझा राग जरासा निवला. म्हणाला, "मंजू, माझा बाप मुंबईला चाकरमानी. गणपतीला यायचा आणि शिमग्याला. वर्षातून दोनदा दिसणारा माणूस. मी लहानपणी ठरवलं होतं, माझी पोरं माझ्याबरोबर राहतील, जाईन तिथे. म्हणून मी सगळं सुटतं करून ठेवतो गं. कुणी मागे राहायला नको."

अबोली त्याच्याशेजारी खाली बसली. "पापा, मैं पीछे नहीं छूटूँगी," ती म्हणाली. "बस एक साल यहीं रहूँगी."

दुसऱ्या दिवशी त्याने अर्ज लिहिला. मुलीचं बोर्डाचं वर्ष आहे, क्वार्टर परीक्षेपर्यंत कुटुंबाकडे राहू द्यावं. असा अर्ज करता येतो, हे त्याला आधीपासून ठाऊक होतं. आधीपासून! हे ऐकून मी पुन्हा पेटलो. पण लिहिताना त्याचा हात तीनदा थांबला, हेही मी पाहिलं, म्हणून गप्प राहिलो.

अर्ज मंजूर झाला. सप्टेंबरात, सकाळी सहाला, दोन काळ्या पेट्या घेऊन दामोदर निघाला. घरातलं बाकी सगळं जागच्या जागी. अबोली शाळेचा गणवेश घालून दारात उभी. तिला जवळ घेऊन झालं, मंजुषाला डोळ्यांनी सांगायचं ते सांगून झालं, आणि जाता जाता त्याने माझ्या कडेवर हात ठेवला. हलकेच म्हणाला, "लक्ष ठेव रे."

मी आजही इथेच, तसाच उभा आहे. पाणी दोन्हीकडे सारखं आहे. अबोली संध्याकाळी माझ्या पायाशी बसून अभ्यास करते, आणि बापाच्या मोटारसायकलसारखा आवाज झाला की मान वर करते. मग पुन्हा खाली घालते. तुम्ही कधी आलात तर माशांचं कौतुक जरूर करा, कप मात्र टेबलावर ठेवा.

आणि दामोदर, तू जाताना मला 'लक्ष ठेव' म्हणालास ते मला मुळीच आवडलेलं नाही. आपली कामं लाकडावर ढकलतोस होय? तू सांगशील तेवढं पाणी मी उचलीन, वर्षभर, दहा वर्षं. पण पोर मान वर करते तेव्हा मला दार उघडून आत येता येत नाही. ते तुझं काम आहे. मिळेल ती सुट्टी घे आणि ये.